तिसरा ठोका

भिमाजी आप्पांच्या मळ्यात सरकारनं जमिनीत कान पुरला, त्यानंतर पहिले आठ दिवस तळेगाव ढमढेऱ्यात कुणी मोठ्यानं शिंकलंसुद्धा नाही.

तसं ते यंत्रच. दुधाच्या चरवीएवढं, चार फूट खड्ड्यात खडकावर बसवलेलं, वर पत्र्याचं झाकण, शेजारी सोलरची पाटी आणि बॅटरीची पेटी. पण ते बसवायला आलेली अनुपमा नावाची मुलगी चहा पिता पिता बोलून गेली, की जपानात भूकंप झाला तर या यंत्राला तो इथं तळेगावात कळतो. गावाला एवढं पुरे झालं. आठवडे बाजारात बाया वांग्याचा भाव कुजबुजत ठरवू लागल्या. सोसायटीच्या निवडणुकीचं बोलायचं झालं की दोन्ही पार्ट्यांची माणसं वेळ नदी ओलांडून पलीकडं जायची. नदीखालून आवाज येत नसावा, असा दोन्हींचा समज. एक जण तर महिनाभर सायकलवरून उतरून, सायकल खांद्यावर घेऊन मळ्यापुढून जात होता. त्याच्या मनात काय होतं ते आजवर कळलेलं नाही.

राखण आप्पांकडं, म्हणून बातम्याही आप्पांकडूनच निघायच्या. परवा शिरूरला एका बाईनं नवऱ्याला लाटणं फेकून मारलं, ते यंत्रात आलं, आणि लाटणं बाभळीचं होतं की सागवानी तेही उमटलं, असं त्यांनी पारावर गळ्याची शपथ घेऊन सांगितलं. ऐकणाऱ्यांपैकी तिघांनी घरी जाऊन लाटणी लपवली.

"अवो, तुमच्या घोरण्याचं काय निघालं त्यात, ते इचारलं का त्या पोरीला?" तुळजाबाई म्हणाल्या. "जपानवाल्यांची झोप मोडली असंल."

आप्पांच्या बायकोचं तोंड असं होतं. चव्वेचाळीस वर्षं संसार केला, पण आप्पांची एकही थाप तिनं फुकट जाऊ दिली नव्हती.

यंत्र बसवलं तो दिवस आप्पांच्या नीट ध्यानात होता. दिवाळी होऊन गेली होती. अनुपमा तिशीतली, साताऱ्याकडची, बोलायला फटकळ आणि हाताला नेटकी. गड्यांनी काळा खडक लागेपर्यंत खड्डा घेतला, मग ती स्वतः खाली उतरली. तारेच्या ब्रशनं खडक घासला, पाण्यानं धुतला, फडक्यानं कोरडा केला. आप्पांचा जीव तिथंच तिच्यावर बसला. खडकाशी असं वागणारं माणूस त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

"खाली पोतं टाकू का, पोरी? मशीन हाय, गार लागंल त्येला."

"नको नको, आप्पा!" तिनं पोतं हातातून ओढून वर फेकलं. "खाली काहीच नको. पोतं नको, रबर नको, माती नको. खडक आणि मशीन यांच्यात मऊ काही आलं ना, की मोठे धक्के येतात, पण बारीक मरून जातात. मला बारीकच पाहिजेत."

"बारकं ऐकून काय करायचंय?"

"धान्याची कोठी तुम्ही बाहेरनं वाजवून बघता ना, किती भरलीय ती? तसंच. फक्त आमच्या कोठीवर टिचकी मारतो तो लांबचा भूकंप. त्याची लाट पार खालनं वर येते. आपल्या पायाखालचं हे कवच, इथं असेल चाळीसेक किलोमीटर जाड, त्याच्या तळाशी ती लाट आपटली की तिचा एक हलका तुकडा मागं पडतो. मूळची लाट आधी पोचते, आणि चार-पाच सेकंदांनी तो हलका तुकडा. इतका हलका, की नीट कान लावला नाही तर चुकतो. पण कवच किती जाड आहे, ते तोच सांगतो."

"आन् ते जाड हाय का बारीक, त्याच्यावाचून कुनाचं अडलंय?"

अनुपमा खड्ड्याच्या काठावर बसली. कोकणच्या किनाऱ्यापासून घाट चढून दौंड तालुक्यापर्यंत अशी आठ यंत्रं एका रेषेत बसवायची होती, असं तिनं सांगितलं. कारण आपला हा पश्चिमेचा किनारा तुटलेला किनारा आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्याच्या पलीकडं समुद्र नव्हता, जमीन होती. ती सुटून गेली. तिचा एक तुकडा आज सेशेल्सची बेटं म्हणून आफ्रिकेच्या बाजूला पडलाय.

"तुटली म्हंजी? काडकन?"

"काडकन नाही. आधी ताणली. कणकेचा गोळा दोन्हीकडनं ओढला की मधे पातळ होत जातो ना, तशी. किती लाख वर्षं पातळच होत होती. मग तुटली. ती ओढ इकडं देशावर कुठपर्यंत पोचली होती, ते आम्हाला बघायचंय. जमीन जिथं पातळ झाली, तिथं ती पुन्हा जाड होत नाही, आप्पा. कोटी वर्षांनीसुद्धा खूण राहते."

आप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. "मंग त्यो तिकडचा तुकडा आता माघारी यील का?"

"कुठला! अजून लांबच चाललाय. वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर. आपली नखं वाढतात ना, साधारण तेवढं."

"आन् भांडान कशावरनं झालं व्हतं?"

ती खळखळून हसली. आप्पा हसले नाहीत.

मग संमतीच्या कागदावर सही करायची वेळ आली. आठही जागांची यादी एकाच पानावर होती. आप्पांनी चष्मा लावून आपलं नाव शोधलं, सही केली, आणि नजर सहज खाली गेली. आठवी ओळ. मुक्काम पाटस, तालुका दौंड. बद्रुद्दीन अत्तार.

"ह्यो..." आप्पांचा आवाज खाली बसला. "ह्यो उंच हाय का? डाव्या हाताला दोन बोटं न्हाईत?"

"हो! ओळखता तुम्ही? ऐकायलाही येत नाही त्यांना. मी ओठ हलवते, ते बघून उत्तर देतात. मुलगा अनिस पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो."

"न्हाई," आप्पा म्हणाले आणि कागद परत दिला. "पाटसला आमचं कोन हाय!"

आता ही मात्र आप्पांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप होती, आणि ती पकडायला तुळजाबाई तिथं नव्हत्या.

पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी वढू बुद्रुकपासून पाटसपर्यंत भिमा-बदरूची जोडी ज्या विहिरीला माहीत नाही, ती विहीर विहीरच नव्हे, असं लोक म्हणायचे. दोघांनी मिळून दोनशेवर विहिरी पाडल्या. एका ठिकाणी खडक इतका चिवट निघाला, की पहारीलाच वाकडं जायची लाज वाटून ती सरळ राहिली. दुसऱ्या एका विहिरीत साठ हातांवर पाणी लागेना म्हणून आणखी खाली गेले, तर खालून कुणीतरी परक्या भाषेत शिव्या घातल्या. तेव्हा कुठं काम थांबवलं. हे सांगताना आप्पा हसायचे नाहीत, आणि बदरू शेजारी बसून गंभीरपणे मान हलवायचा. "शिव्या फारशीत व्हत्या," एवढीच तो भर घालायचा. थाप एकट्यानं मारण्यात काय मजा? तिला हूं म्हणणारा लागतो.

काम वाटून घेतलेलं. बदरू खाली, खडकाला भोकं पाडायची, दारू ठासायची, वात पेटवायची. भिमाजी वर, लाकडी रहाटावर. दोर कायम खाली सोडलेला. वात पेटली की बदरू दोराला लटकणार आणि भिमाजी रहाट फिरवून त्याला वर घेणार. पण काठावर पाणी उपसायचं डिझेल इंजिन धडधडत असायचं, खालची हाक वर येत नसे. म्हणून पहारीची खूण ठरलेली. दोन ठोके म्हणजे थांब, अजून काम चाललंय. तीन म्हणजे पेटवली, ओढ. ते ठोके भिमाजी कानानं ऐकत नसे. दोन्ही हात रहाटावर आणि दोन्ही पाय उघडे, काठच्या खडकावर. ठोका तळव्याला कळायचा. पाच वाजता, माणसं आणि गुरं शिवारातून बाजूला गेली की, सुरुंग उडवायचा. दोनशे विहिरी, हजारो सुरुंग. तळव्यानं कधी दगा दिला नाही.

एकतीस वर्षांपूर्वी एकदाच दिला.

त्या दिवशी दुपारी न्हावऱ्याला तुळजाबाईंच्या भावाचं लग्न. भिमाजी थोरला दाजी, त्यामुळं मानपान झाला; टोपी, टॉवेल, आणि सासऱ्यानं हौसेनं पुण्याहून आणलेले रबरी तळाचे नवे बूट. जेवणावळ उठली तशी सायकल मारत, नव्या कपड्यांतच भिमाजी विहिरीवर आला, कारण बदरू खाली भोकं पाडून बसला होता आणि पाच वाजत आले होते. दोन ठोके आले. भिमाजी थांबला. थांब म्हणाला म्हणजे थांबायचं. दोर ताठ झालेला दिसला तेव्हा त्यानं जिवाच्या आकांतानं रहाट फिरवला, पण पाच-सात फेरे उशीर झाला होता.

बदरू जगला. डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि दोन्ही कान गेले.

पुण्याच्या दवाखान्यात भिमाजी त्याच्या खाटेशी गेला तेव्हा नऊ दिवस झाले होते. वाटेत त्यानं काय काय बोलायचं ठरवलं होतं. पण सगळ्या नातेवाइकांसमोर तोंडातून निघालं ते भलतंच. भ्यालेलं माणूस बोलतं तसं. "दोनच मारलेस तू, बदऱ्या. दोनच."

बदरूनं त्याच्या ओठांकडं बघितलं. उजव्या हाताची तीन बोटं वर केली. आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

तुळजाबाईंनी शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा नेला होता. बदरूच्या बायकोनं, नजमुन्निसानं, तो न उघडता त्यांच्या हातात परत दिला. दवाखान्यातून सुटल्यावर ती माणसं तळेगावला आलीच नाहीत. पाटसला नजमुन्निसाचं माहेर, तिकडंच गेली.

त्यानंतर भिमाजीनं रहाटाला हात लावला नाही. पाटस काही लांब नव्हतं. उसाच्या ट्रकबरोबर तो एकदा पाटसच्या कारखान्यापर्यंत गेला, वजनकाट्याशी बसून चहा प्याला, माघारी आला. एकदा चौफुल्यापर्यंत. एकदा नुसताच भीमेच्या पुलापर्यंत. जाऊन बोलायचं काय? तीन ठोके पडले होते म्हणावं, तर आपण मित्राला खाली ठेवून वर उभे राहिलो. दोनच म्हणावं, तर तो खोटा. आणि बदरू खोटं फक्त विहिरींबद्दल बोलायचा, तेही भिमाजीला साथ द्यायला. दोघांपैकी एक लबाड निघाल्याशिवाय दुसऱ्याचं खरं होत नव्हतं, आणि कुणीच लबाड नव्हतं. मग वर्षं गेली. नखं वाढतात तशी.

यंत्र बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पांनी गोठ्याच्या माळ्यावरून जुनी पहार काढली. गंज चिंचेनं घासला. डोक्यात हिशेब सरळ होता. जपान हजारो कोस. पाटस चौदा कोस. तेच यंत्र इथं, तेच तिथं. जपानचं ज्याला ऐकू येतं, त्याला तळेगावची पहार ऐकायला कितीसा त्रास? आणि बदरूला कान नसले तरी त्याच्या यंत्राला होते. आज ना उद्या ती पोरगी त्याला सांगेल, की तळेगावकडून कुणीतरी तीन ठोके मारतंय. पुढचं त्याचं त्याला कळेल.

पाच वाजले. आप्पांनी खड्ड्याशेजारच्या उघड्या खडकावर सगळ्या ताकदीनं तीन ठोके घातले. झाडावरचे बगळे उडाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच वाजता. मग रोज.

"काय चाललंय?" तुळजाबाई.

"घूस हाय. बांध पोखरती."

"रोज पाच वाजता येती व्हय? घड्याळ हाय वाटतं तिच्याकडं."

संक्रांत झाल्यावर अनुपमा पहिला डेटा काढायला आली. लॅपटॉप मांडीवर घेऊन बॅटरीच्या पेटीवर बसली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आप्पा, रोज पाच वाजता इथं काहीतरी आपटतंय. तीनदा. सगळं रेकॉर्ड खराब होतंय."

"म्हस हाय," आप्पा म्हणाले. "पाय आपटती."

"रोज पाचला? आणि मोजून तीनदाच?"

"मुऱ्हा हाय. शिस्तीची."

अनुपमानं गोठ्याकडं बघितलं. म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. "मग तिला जरा लांब बांधा," ती म्हणाली.

आप्पांनी तंबाखू चोळली, तोंडात टाकली, आणि अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "हे पाटसच्या मशीनला कळतं का?"

"म्हशीचा पाय? छे हो! तुमच्या बांधापर्यंत गेला तरी पुष्कळ. जपानचा भूकंप म्हणजे केवढी ताकद असते, आप्पा. अख्खी पृथ्वी घंटेसारखी वाजते. माणसाचा धक्का, जनावराचा धक्का, पाच-पन्नास पावलांत विरून जातो."

ती गेली. त्या दिवशी पाच वाजता आप्पा पहार घेऊन खडकावर बराच वेळ नुसते उभे राहिले. बांध तिथंच होता, वीस पावलांवर. त्याच्या पलीकडं दुसऱ्याचा ऊस, मग तिसऱ्याचा, मग न्हावऱ्याचा रस्ता, मग भीमा, मग दौंड तालुका. सवा पाचला त्यांनी पहार उचलली आणि तीन ठोके मारले. पोचत नाही हे कळलं म्हणून मारायचे थांबवता येत नव्हते. म्हशीला मात्र त्यांनी लांब बांधलं. तेवढं त्या पोरीचं ऐकलं.

होळी झाली. ऊस तुटून शिवार मोकळं दिसू लागलं, आणि अनुपमा पुन्हा आली. या वेळी तिनं लॅपटॉप उघडलाच नाही. दोन लांब कागद आणले होते, ते तिनं ओसरीत आप्पांपुढं पसरले आणि कोपऱ्यांवर चहाच्या कपबशा ठेवल्या.

"आप्पा, तुमची म्हैस पाटसलाही आहे."

आप्पांनी चष्मा चढवला.

"हा कागद तळेगावचा. हे पाच वाजता, तीन उंच रेघा. हे तुम्ही. म्हशीचं सोडा आता. आणि हा पाटसचा. हेही पाच. यंत्र बसवल्यापासून चौथ्या दिवशी सुरू झालं, ते आजवर एक दिवस चुकलेलं नाही. तिथल्या चाचांना विचारलं तर म्हणाले, बकरी आहे."

तुळजाबाई पदर तोंडाला लावून आत वळल्या.

"त्येला म्या हितं हाय, हे ठावं हाय?"

"सही करताना यादी वाचली होती त्यांनी. तुमच्या नावावर बोट ठेवून बसले होते बराच वेळ. मी विचारलं, ओळखता का? तर म्हणाले, तळेगावात आमचं कोण आहे!"

आप्पांनी कागद जवळ ओढला. बोट रेघेवर ठेवलं. एक उंच रेघ. दुसरी उंच रेघ. मग सपाट.

"हे दोनच हायेत," ते म्हणाले. आवाज एकतीस वर्षं जुना होता.

"मीही दोनच धरले होते. मग मोठं करून बघितलं. हे बघा." तिनं पेन्सिलीचं टोक सपाट रेघेवर टेकवलं. तिथं एक खरखर होती, तांदळाच्या दाण्याएवढी. "हा तिसरा. रोज असतो. पहिले दोन जोरात आणि तिसरा नुसता टेकवल्यासारखा. असं का, ते मला कळत नाही. दमत असतील."

दमत नव्हता तो. आप्पांना सगळं समोर दिसलं. साठ हात खाली, वात फुरफुरतेय, बदरूच्या उजव्या हातात पहार. पहिला ठोका. दुसरा. आणि तिसऱ्याला त्याचा डावा हात आधीच वर दोराला गेलेला, उजव्यातली पहार सुटत चाललेली. तिसरा ठोका त्यानं आयुष्यात कधी जोरात मारलाच नव्हता. पेटलेल्या वातीशेजारी कोण मारेल? दोनशे विहिरी तो तिसरा तसाच येत होता, मुंगीच्या पावलानं, आणि भिमाजीच्या उघड्या तळव्याला दर वेळी कळत होता.

पोतं नको, रबर नको. मोठे येतात, बारीक मरतात.

"तुळजे," आप्पांनी आतल्या दाराकडं बघून हाक मारली. "तुझ्या भावाच्या लग्नातलं बूट आठवत्यात का?"

"न आठवायला काय? नवं कोरं, एकदा पायात घातलं आन् गड्याला, बिरदेवला, दिऊन टाकलं. माझा बा तोंडानं बोलला न्हाई, पर लागलं त्येला." तुळजाबाई दारात आल्या. "आज कुठनं आठवलं?"

"रबरी तळ व्हता."

तुळजाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, ओसरीवरच्या कागदांकडं बघितलं, खड्ड्याकडं बघितलं. त्या आत गेल्या. चूल पेटल्याचा, मग शेंगदाणे कुटल्याचा आवाज आला. तासाभरानं बाहेर आल्या तेव्हा हातात तोच पितळी डबा होता, कडी बदललेला.

"बाई, तुम्ही आता पाटसलाच चालल्या का?" त्यांनी अनुपमाला विचारलं. "मंग ह्यास्नी गाडीत घाला. आन् वाटंत फिरा म्हनले तर फिरू नका. सवय हाय त्यास्नी."

जीप न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. आप्पा डबा मांडीवर धरून पुढं बसले होते. अनुपमा मधून मधून त्यांच्याकडं बघत होती. तळेगाव ते न्हावरे एकही थाप न मारता आप्पा बसलेत, हे सांगितलं तर गावात कुणी खरं मानलं नसतं. पारगावजवळ भीमेचा पूल आला.

"हितनं पुढं दौंड," आप्पा म्हणाले. "जरा थांबती का?"

"काकूंनी बजावलंय."

"फिर म्हनत न्हाई म्या. नुसतं हळू घे."

तिनं गाडी हळू घेतली. खाली पाणी संथ होतं. पूल सरला.

"पोरी, ती जमीन ताणली जाती, जाती, आन् मंग तुटती म्हनलीस. पर ताणत असती तवा, दोन्हीकडंच्यांना ठावं असतं का, की समोरचा बी तसाच ओढतोय म्हनून?"

"दगड आहेत, आप्पा."

"व्हय. दगडच."

पाटसच्या अलीकडं, हायवेपासून आत, माळाच्या उतारावर अत्तारांचं शेत होतं. पाचला दहा कमी होते. खड्ड्याचं पत्र्याचं झाकण लांबूनच चमकलं आणि त्याच्याशेजारी खडकावर पाठमोरा बसलेला माणूस दिसला. उंची बसल्यावरही कळत होती. केस सगळे पांढरे. मांडीवर पहार आडवी.

अनुपमानं गाडी बांधाशी थांबवली. ती उतरायला लागली, तशी आप्पांनी हातानंच तिला बस म्हणून खुणावलं. डबा बॉनेटवर ठेवला. चपला काढल्या, जोडीनं बांधावर ठेवल्या. मार्चचा खडक दिवसभर तापलेला. तळवे पोळले, पण आप्पा पाय न घासता अलगद टेकवत, एकेक पाऊल पुढं गेले. बदरूला ऐकू येणार नव्हतंच. चार हातांवर ते थांबले.

बदरूनं मनगट वळवून घड्याळ बघितलं. पहार उभी धरली.

पहिला ठोका तळव्यातून गुडघ्यापर्यंत चढला. दुसरा तसाच. मग उजवा हात सैल पडला आणि पहार आपल्याच वजनानं खडकाला टेकली. कानाला काही आलं नाही. तळव्याला, मुंगी चावावी तेवढं, आलं.

तीन.

आणि बदरूचा डावा हात, तीन बोटांचा, वर गेला. मोकळ्या हवेत, जिथं दोर असायचा तिथं. बोटं मिटायला लागली होती, तेवढ्यात आप्पांनी तो हात धरला.

बदरू दचकला नाही. मान वळवून त्यानं आधी खाली बघितलं, खडकावरच्या उघड्या पायांकडं. पुष्कळ वेळ तिथंच बघत राहिला. मग वर, तोंडाकडं.

"लई येळ लावलास ओढायला," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज, माळभर गेला. बांधाशी बसलेल्या अनुपमालाही ऐकू आला.

आप्पांनी ओठ नीट दिसतील असे, सावकाश हलवले. "बूट व्हते पायात, बदरू. त्या दिशी. नवे. रबरी." मग पुन्हा एकदा म्हणाले. "बूट व्हते. तू तीनच मारले व्हतेस."

बदरूचे ओठ किंचित हलले, एखादी जुनी गोष्ट तो आतल्या आत जुळवून बघत असावा तसे. त्याची नजर पुन्हा आप्पांच्या पायांवर गेली.

"मंग आता ओढ की," तो म्हणाला. "गुडघं धरल्यात. रोज अनिस येऊन उठवतो, तवा उठतो."

आप्पांनी उघडे पाय खडकावर रोवले, दुसरा हातही पुढं घातला, आणि ओढलं.